मुंबईला हरवलेले दिवस

माझ्या कपाटात धावफलकांच्या वह्या आहेत. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याच्या, मैदानात मांडीवर ठेवून पेन्सिलीने भरलेल्या. काही पानं पिवळी पडली आहेत, काहींवर तर्रीचे डाग आहेत. आता सगळं मोबाइलवर दिसतं, मग ही रद्दी कशाला ठेवायची, असं घरचे विचारतात. पण त्यातल्या तीन पानांना मी लाल दोरा बांधून ठेवलाय. डिसेंबर २०१८, मार्च २०२४ आणि फेब्रुवारी २०२५. तिन्ही पानांवर एका बाजूला विदर्भ आणि दुसऱ्या बाजूला मुंबई. मधलं पान पराभवाचं आहे. त्यालाही दोरा का, ते पुढे सांगतो.

नागपुरात क्रिकेटवेडी चार माणसं जमली की वाद ठरलेला: विदर्भाचा सगळ्यात मोठा विजय कोणता? कोणी २०१७ च्या डिसेंबरातला ईडन गार्डन्सवरचा उपांत्य सामना काढतं. कर्नाटकाला १९८ हव्या होत्या आणि ते १९२ वर संपले. पाच धावांनी जिंकलो, रजनीश गुरबानीने दुसऱ्या डावात सात गडी काढले, सामन्यात बारा. कोणी त्यानंतरचा इंदूरचा अंतिम सामना सांगतं. त्यात गुरबानीने दिल्लीविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली, अक्षय वाडकरने शतक ठोकलं आणि १ जानेवारी २०१८ रोजी साठ वर्षांत पहिल्यांदा रणजी करंडक विदर्भात आला. ज्याचं-त्याचं खरं आहे. ईडनच्या त्या शेवटच्या अर्ध्या तासाची आठवण आली की आजही माझे तळहात ओले होतात.

पण कर्नाटक किंवा दिल्लीशी आपलं तसं काही देणंघेणं नाही. ते मोठे संघ, त्यांना हरवलं, आनंद झाला, संपलं. मुंबईचं तसं नाही. म्हणून मी त्या वादात प्रश्नच बदलतो: मुंबईविरुद्धचा सगळ्यात मोठा विजय कोणता?

नागपूर ही एके काळी मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी. १९५३ चा नागपूर करार झाला, १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. राजधानी गेली आणि तिच्या बदल्यात हिवाळी अधिवेशन आलं. फाइल मुंबईला, परवानगी मुंबईहून, नोकरीची मुलाखत मुंबईत, मोठा डॉक्टर मुंबईत. माझ्या पिढीने विदर्भ एक्स्प्रेसच्या किती रात्री मोजल्या असतील! मुंबईबद्दल आमच्या मनात द्वेष नाही. पण मुंबईने एकदा आपल्याकडे नीट वळून पाहावं, ही इच्छा फार जुनी आहे. खेळाचं मैदान ही एकच जागा अशी, जिथे ती इच्छा अर्ज न करता पुरी होऊ शकते.

आणि तिथेच ती पुरी व्हायला साठ वर्षं लागली.

विदर्भाचा संघ रणजीत पहिल्यांदा उतरला १९५७-५८ मध्ये. त्याच्या पुढच्याच हंगामापासून मुंबईने रणजी जिंकायला सुरुवात केली ती १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वेळा. पोहायला शिकणाऱ्याने नदीत पाय टाकावा आणि त्याच वर्षी पूर यावा, तसं झालं. पण त्या पुराशी आमची गाठही पडत नव्हती. रणजी तेव्हा विभागवार खेळली जायची. मुंबई पश्चिम विभागात, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्रासोबत. विदर्भ मध्य विभागात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि रेल्वेसोबत. राज्य एक, पण गट वेगळे. मुंबईशी खेळायचं तर आधी आपल्या विभागातून वर यायला हवं, बाद फेरी गाठायला हवी, आणि ते आमच्या नशिबी क्वचितच होतं. त्या काळाला मी न झालेल्या सामन्यांचा काळ म्हणतो. ज्याच्याशी खेळायलाच मिळत नाही, त्याच्याशी चुरस कसली?

त्यामुळे मुंबईचे खेळाडू आमच्यासाठी प्रतिस्पर्धी कधी नव्हतेच, देव होते. ३१ ऑक्टोबर १९८७. सिव्हिल लाइन्सचं जुनं मैदान, विश्वचषकात भारत विरुद्ध न्यूझीलंड. चेतन शर्माने हॅट्ट्रिक घेतली आणि मग सुनील गावस्करांनी नाबाद १०३ केल्या, अवघ्या ८८ चेंडूंत. एकदिवसीय सामन्यांतलं त्यांचं ते एकमेव शतक. मी पोरसवदा होतो. स्टँडमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून नाचलो होतो. मुंबईच्या माणसाने नागपुरात शतक केलं आणि नागपूर आपलंच पोर असल्यासारखं ओरडत होतं.

पुढे कळलं की ३१ ऑक्टोबर हा कर्नल सी. के. नायडूंचा जन्मदिवस. १८९५ साली ते नागपुरातच जन्मले, तिथेच शिकले, भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले. १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखाना मैदानावर एमसीसीविरुद्ध त्यांनी १५३ धावा कुटल्या, त्यात अकरा षटकार. पण त्यांचं क्रिकेट फुललं ते इंदूरला होळकरांकडे जाऊन. आमच्या मातीत उगवलेला पहिला मोठा खेळाडू असा बाहेर जाऊन मोठा झाला, आणि पुढे कितीतरी वर्षं तोच शिरस्ता राहिला. अमरावतीचे हेमंत कानिटकर महाराष्ट्राकडून खेळले. नागपूरचा वेगवान गोलंदाज प्रशांत वैद्य भारताकडून खेळला, पण त्याच्या उमेदीच्या काळात तो बंगालकडे होता. विदर्भाकडून खेळत राहणं म्हणजे निवड समितीच्या नजरेआड राहणं, हे प्रत्येक पोराला घरातूनच सांगितलं जायचं.

२००२-०३ पासून विभाग गेले आणि एलिट व प्लेट असे दोन थर आले. आम्ही प्लेटमध्ये. मुंबई आता शेजारच्या गटात नव्हती, वरच्या मजल्यावर होती. याच काळात दोन गोष्टी घडल्या आणि पुढचं सगळं त्यांच्यावर उभं राहिलं. एक म्हणजे विदर्भ क्रिकेट संघटनेने मुलांना राहून शिकता येईल अशी प्रबोधिनी उभारली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरं गोळा करायला सुरुवात केली. वैद्य परत आले होते, या कामात त्यांचा मोठा हात आहे. २००८ मध्ये वर्धा रोडवर जामठ्याचं मोठं स्टेडियम झालं, त्याची चर्चा झाली. प्रबोधिनीची फारशी झाली नाही. दुसरी गोष्ट उमेश यादव. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, टेनिस बॉलवर वाढलेला. तो २००८ मध्ये विदर्भाकडून खेळला आणि २०११ मध्ये कसोटी खेळला. विदर्भाकडून खेळून कसोटीत गेलेला तो पहिला. विदर्भ न सोडता भारताची टोपी मिळते, हे पोरांनी डोळ्यांनी पाहिलं.

आता पहिलं लाल दोऱ्याचं पान. डिसेंबर २०१८, नागपूर. त्या वर्षी रणजीच्या गटात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ, राज्यातले तिन्ही संघ एकत्र आले होते. विदर्भ गतविजेता. असा मान घेऊन मुंबईसमोर उभं राहणं हेच नवीन होतं.

विदर्भ ५११. मुंबई २५२ आणि ११४. एक डाव आणि १४५ धावांनी विजय. आदित्य सरवटेने डावखुऱ्या फिरकीवर सामन्यात अकरा गडी घेतले, दुसऱ्या डावात ४८ धावांत सहा. मुंबईचा संघ नागपुरात डावाने हरला! पान भरताना माझी पेन्सिल दोनदा तुटली.

पण त्याच पानावर सगळ्यात मोठा आकडा कोणाचा आहे? १७८, वसीम जाफर.

जाफर मुंबईचा. मुंबईला त्याने कर्णधार म्हणून रणजी जिंकून दिली होती. २०१५ मध्ये तो विदर्भाकडे आला. २०१७-१८ मध्ये त्याने मानधनाशिवाय खेळायची तयारी दाखवली, कारण आधीच्या हंगामात दुखापतीमुळे खेळता आलं नव्हतं आणि पैसे मात्र मिळाले होते. अशा माणसाविषयी मनात आदराशिवाय दुसरं काय येणार? चाळिशीत त्याने ज्या संयमाने ती खेळी केली, ती पाहून आमची पोरं डाव कसा बांधायचा ते शिकली. ड्रेसिंग रूममध्ये प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. तेही मुंबईचे, दादरच्या मैदानांवर घडलेले. मुंबईच्या क्रिकेटचा तो प्रसिद्ध खडूसपणा, विकेट फुकट द्यायची नाही, समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही, तो पंडितांनी नागपुरात आणून रुजवला.

त्या रात्री दादरहून माझ्या मावसभावाचा फोन आला. मी त्याला दादा म्हणतो, तो माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. शिवाजी पार्कला रोज फेरी मारणारा, मुंबईच्या प्रत्येक रणजी अंतिम सामन्याची तारीख तोंडपाठ असलेला.

"अभिनंदन रे," तो म्हणाला. "पण वसीमनेच केलं ना? आणि शिकवलं चंदूने. म्हणजे आमच्याच माणसांनी आम्हाला हरवलं."

मी म्हटलं, "अकरा विकेट सरवटेच्या आहेत, दादा."

"ते आहेच. पण रहाणे आणि रोहित ऑस्ट्रेलियात आहेत हेही लिही तुझ्या वहीत."

मी ते लिहिलं. खाली हेही लिहिलं की उमेश यादवही ऑस्ट्रेलियात आहे. पण दादाचं बोलणं मनातून गेलं नाही, कारण ते खोटं नव्हतं. त्या हंगामात विदर्भाने पुन्हा करंडक जिंकला. जामठ्याच्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवलं. सरवटेने तिथेही अकरा घेतले, चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत त्यानेच टिपलं, एकदा एका धावेवर आणि एकदा शून्यावर. जाफरच्या त्या हंगामात हजारावर धावा झाल्या. मुंबई बाद फेरीतही पोचली नाही. आकड्यांवर जायचं तर २०१८ चा विजय सगळ्यात मोठा. डावाने हरवण्यापुढे आणखी काय असतं?

तरीही मी त्याला पहिला क्रमांक देत नाही. तो विजय आम्ही कमावला होता, पण उसन्या भांडवलावर. आणि साखळीतला सामना होता. मुंबईसाठी तो एका वाईट हंगामातला एक वाईट आठवडा होता. त्यांच्या लेखी अजून आमच्याशी चुरस नव्हतीच.

ती सुरू झाली वानखेडेवर, मार्च २०२४ मध्ये, आणि आम्ही हरलो तेव्हा सुरू झाली. म्हणून त्या पानाला दोरा आहे.

दादाने बोलावलं म्हणून मी गेलो होतो. अंतिम सामना, मुंबईला बेचाळीसावा करंडक हवा होता. मुंबई पहिल्या डावात २२४, तेही शार्दूल ठाकूरने ७५ केल्या म्हणून. आणि आम्ही १०५. पहिला डाव एवढ्यावर संपला की रणजीचा अंतिम सामना तिथेच संपतो. मुंबईने दुसऱ्या डावात ४१८ केल्या, मुशीर खानने १३६, श्रेयस अय्यरने ९५, रहाणेने ७३. आमच्यासमोर ५३८. दादा म्हणाला, उद्या दुपारी जेवायला घरी जाऊ.

आम्ही दुसऱ्या दिवशी जेवायला घरी गेलो नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. करुण नायरने ७४ केल्या, आणि मग कर्णधार अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे खेळत राहिले. वाडकर एकेक चेंडू असा पाहत होता, जणू त्या चेंडूवर काही लिहिलेलं आहे आणि ते वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. समोरच्या टोकाला दुबे, एकवीस वर्षांचा, आधी पाच गडी घेऊन थकलेला, तरी बॅट सरळ. शंभरच्या पुढे भागी गेली. पाचव्या दिवशी सकाळी वानखेडेवर जे झालं ते मी कधी विसरणार नाही: मुंबईचं पब्लिक गप्प झालं. चेष्टा करणारेही गप्प. दादा खुर्चीत पुढे सरकून बसला होता आणि हाताची बोटं मोडत होता. मुंबईला आमची भीती वाटते आहे हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो.

वाडकर १०२ वर बाद झाला आणि उरलेले गडी भराभर गेले. ३६८. मुंबई १६९ धावांनी जिंकली. धवल कुलकर्णीने त्याच्या कारकिर्दीतल्या शेवटच्या सामन्यात शेवटचा गडी घेतला, आणि त्या माणसासाठी मीही उभा राहून टाळ्या वाजवल्या. बाहेर पडताना दादा म्हणाला, "तुमचा तो कर्णधार खडूस आहे." मुंबईकराच्या तोंडून याहून मोठी पदवी नाही.

तिथून पुढे अकरा महिने. मधे डिसेंबर २०२४ मध्ये टी-ट्वेंटीच्या उपांत्यपूर्व फेरीत मुंबईने आम्हाला पुन्हा हरवलं. आम्ही २२१ केल्या होत्या, रहाणेने त्यांच्या पाठलागात ८४ ठोकल्या. म्हणजे फेब्रुवारीत रणजीच्या उपांत्य सामन्यासाठी मुंबईचा संघ जामठ्याला आला तेव्हा वर्षभरात दोनदा आम्हाला घरी पाठवून आला होता. रोहित आणि श्रेयस चॅम्पियन्स करंडकासाठी भारतीय संघात होते. पण जे आले ते काय कमी होते? कर्णधार रहाणे, भारताच्या टी-ट्वेंटी संघाचा कर्णधार सूर्यकुमार यादव, शिवम दुबे, शार्दूल, शम्स मुलानी, तनुष कोटियन. हा दुबळा मुंबई संघ होता असं दादालाही म्हणता येणार नाही.

१७ फेब्रुवारी २०२५. मेट्रोने खापरीपर्यंत, पुढे ऑटोने जामठा. हातात वही, पाठीवरच्या पिशवीत संत्री. स्टँड अर्धाही भरला नव्हता, पण जे आले होते ते सगळे माझ्यासारखे, कामं टाकून आलेले. पहिल्या डावात विदर्भ ३८३. ध्रुव शोरे ७४, दानिश मालेवार ७९, यश राठोड ५४. शिवम दुबेने पाच गडी घेतले.

दुसऱ्या दिवशीचं पान मी बऱ्याचदा उघडतो. मुंबईचा डाव सावरत होता. वाडकरने चेंडू दिला पार्थ रेखडेच्या हातात. डावखुरा फिरकी गोलंदाज, फारसं नाव न झालेला. त्याच्या एका षटकात अजिंक्य रहाणे गेला. सूर्यकुमार यादव आला, शून्यावर गेला. शिवम दुबे आला, तोही शून्यावर गेला. एका षटकाच्या चौकटीत मला तीनदा इंग्रजी डब्ल्यू लिहावा लागला. तिसरा लिहिताना हात इतका थरथरला की ते अक्षर कोणालाही ओळखू येणार नाही. मागच्या ओळीतला एक मुलगा ओरडत होता, "अबे, सूर्या बी गेला! सूर्या बी गेला न बे!" आणि त्याच्या आवाजात आनंद होता तेवढंच आश्चर्यही. सूर्याला टीव्हीवर पाहून तो मोठा झाला असणार. मला १९८७ चा मी आठवलो, गावस्करांसाठी नाचणारा.

आकाश आनंदने मुंबईसाठी झुंजार १०६ केल्या. मुंबई २७०. आम्हाला ११३ धावांची आघाडी.

इथे नियम समजून घ्यायला हवा. रणजीच्या बाद सामन्यात निकाल लागला नाही तर पहिल्या डावाची आघाडी ज्याच्याकडे, तो पुढे जातो. म्हणजे यापुढे जिंकणं मुंबईला भाग होतं, आम्हाला फक्त टिकणं. आणि टिकायच्या नादातच संघ मरतात. दुसऱ्या डावात ५६ धावांत आमचे चार गडी गेले. स्टँडमध्ये कोणी कोणाशी बोलेना. वानखेडेवरचे १०५ प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर होते.

यश राठोड आणि अक्षय वाडकर. एकीकडे वर्षापूर्वी वानखेडेवर पाचव्या दिवसापर्यंत उभा राहिलेला कर्णधार, दुसरीकडे चोवीस वर्षांचा डावखुरा राठोड. त्यांनी दिवस संपवला आणि दुसऱ्या दिवशीही खेळले, भागी दीडशेच्या पुढे नेली. वाडकर ५२ वर गेला तरी राठोड थांबला नाही. समोर मुलानी सहा गडी घेत होता आणि राठोड तळाच्या फलंदाजांना घेऊन धावा जोडत होता. संघाच्या २९२, त्यात राठोडच्या १५१. निम्म्याहून जास्त एकट्याच्या.

मुंबईला ४०६. चौथ्या दिवसअखेर तीन बाद ८३. पाचव्या दिवशी हर्ष दुबेने टोक धरलं. वानखेडेवर वाडकरसोबत झुंजलेला तोच पोरगा आता मुंबईचे गडी काढत होता. मधे शार्दूल आणि मुलानीने सातव्या गड्यासाठी इतकं ताणलं की पुन्हा सगळे गप्प झाले. शार्दूल ६६ वर गेला. नववा गडी २७३ वर पडला तेव्हा लोक उठून उभे राहिले, आणि मग मोहित अवस्थी आणि रॉयस्टन डायस ही शेवटची जोडी हटेचना. दहा, वीस, तीस, चाळीस. मी पेन्सिल दातांत धरून बसलो. माझ्या शेजारी वर्ध्याहून आलेले एक काका होते, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. त्यांनी माझ्या वहीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "काहून घाबरून राहिले भाऊ? अजून किती पाह्यजे त्यायले, ते पाहा न." मी पाहिलं. शंभराच्या जवळपास हव्या होत्या. तरी माझी भीती गेली नाही. मुंबई आहे, मुंबई कधी हरत नाही, हे साठ वर्षांनी रक्तात भिनवलेलं.

शेवटच्या जोडीने ५२ जोडल्या. मग तेही संपलं. मुंबई सर्वबाद ३२५. विदर्भ ८० धावांनी विजयी. हर्ष दुबेने दुसऱ्या डावात पाच गडी घेतले. वर्ध्याच्या काकांनी पिशवीतून भाकरी-ठेच्याचा डबा काढला आणि निम्मी भाकर माझ्या हातावर ठेवली. आम्ही एकमेकांचं नावही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी दादाचा फोन. मी वाट पाहत होतो, तो काय काढतो याची. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "या वेळी आमचं कोणी नव्हतं रे तुमच्यात."

बरोबर होतं. संपूर्ण चित्र सांगायचं तर शोरे दिल्लीचा होता आणि नायर कर्नाटकाचा, आणि दोघांनी त्या हंगामात विदर्भासाठी मनापासून घाम गाळला. शोरेचे ७४ वजा केले तर हा सामना कुठे गेला असता, सांगता येत नाही. बाहेरून आलेल्या खेळाडूला कमी लेखणाऱ्यातला मी नाही. जाफर नसता तर हे दिवस आले नसते, ही माझी ठाम समजूत आहे. पण या सामन्याचे जे चार निर्णायक टप्पे होते, रेखडेचं षटक, राठोडची खेळी, वाडकरची साथ आणि हर्ष दुबेचे पाच गडी, ते चारही विदर्भातल्या पोरांचे होते. प्रशिक्षक उस्मान घनी, तेही विदर्भाचेच जुने खेळाडू. जाफर आणि पंडितांनी जे पेरलं, त्याला सात वर्षांनी इथल्या मातीतलं पीक आलं.

म्हणून माझा निकाल स्पष्ट आहे. २०१८ मध्ये फरक एक डाव आणि १४५ धावांचा होता, २०२५ मध्ये फक्त ऐंशीचा. तरी २०२५ चा विजय मोठा. समोर अधिक बळकट मुंबई होती. डाव करंडकाचा होता, साखळीतल्या गुणांचा नव्हता. एक वर्षापूर्वीचा पराभव ताजा होता आणि तो ज्यांनी सोसला त्यांनीच तो फेडला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या वेळी मुंबईला आपण कोणाशी खेळतो आहोत हे माहीत होतं. ज्याला तुमची पर्वा नाही त्याला हरवून चुरस होत नाही. ती दोन्ही बाजूंनी वाटावी लागते, आणि ती वाटायला लागली ती आम्ही वानखेडेवर पाचव्या दिवसापर्यंत मरायला नकार दिला तेव्हापासून. २०२४ चा पराभव नसता तर २०२५ चा विजय एवढा मोठा झालाच नसता.

माझ्याशी वाद घालणारे म्हणतील, मग करंडक? तोही आला. त्यानंतर आठवड्याभरात त्याच जामठ्यावर केरळशी अंतिम सामना झाला. मालेवार १५३, नायर ८६ आणि दुसऱ्या डावात १३५. सामना अनिर्णित राहिला, ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने २ मार्च रोजी तिसऱ्यांदा रणजी जिंकली. त्या सामन्यात केरळकडून ७९ धावा करून आमच्या तोंडचं पाणी पळवणारा होता आदित्य सरवटे, २०१८ चा आमचा नायक. तो त्या हंगामात केरळकडे गेला होता. आता आमची माणसं दुसऱ्यांच्या संघात जाऊन त्यांना अंतिम सामन्यापर्यंत पोचवतात. तो बाद झाला तेव्हा टाळ्या वाजवताना मला आनंद आणि हळहळ दोन्ही वाटलं. हर्ष दुबेने हंगामात ६९ गडी घेतले. रणजीच्या एका हंगामात इतके कोणीच घेतले नव्हते. राठोडच्या ९६० धावा झाल्या, हंगामात सर्वाधिक. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विदर्भाने इराणी करंडकात शेष भारताला ९३ धावांनी हरवलं.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. ज्या पाच दिवसांत विदर्भाने मुंबईला हरवलं त्या पाच दिवसांत जामठ्याच्या बहुतेक खुर्च्या रिकाम्या होत्या. भारताचा एकदिवसीय सामना असला की याच स्टेडियमच्या तिकिटांसाठी पहाटेपासून रांगा लागतात. यश राठोडच्या १५१ धावांना, नागपूरच्या पोराने नागपुरात मुंबईविरुद्ध केलेल्या धावांना, टाळ्या वाजवायला मोजकी माणसं होती. शाळांना एक दिवस सुट्टी देऊन मुलांना बसने आणता आलं असतं. त्यातल्या एखाद्याच्या डोक्यात काय पेटलं असतं, कोणी सांगावं? मला १९८७ मध्ये स्टँडमध्ये बसायला मिळालं म्हणून आज या वह्या आहेत.

दादाने सांगून ठेवलंय, पुढच्या वेळी मुंबई जामठ्याला आली की तो येणार. मी त्याच्यासाठी कोरी वही आणून ठेवली आहे. तुम्हीही या. उन्हाची टोपी आणा, पाण्याची बाटली आणा, घरातल्या पोराला सोबत आणा. त्या उपांत्य सामन्याला आम्हाला तिकीट लागलं नव्हतं.